पटेल सही करत नाहीत

डेव्हिड मॅमेटच्या 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' या नाटकात एक भारतीय माणूस आहे, पण तो रंगमंचावर कधीच येत नाही. त्याचं आडनाव पटेल. शिकागोतल्या एका ऑफिसात चार सेल्समन दूरच्या, गिऱ्हाइकानं कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या जमिनींचे प्लॉट विकत असतात. कुणाच्या दारी जायचं ती नावं त्यांना ऑफिसकडून मिळतात. धंद्यात त्या नावांना 'लीड' म्हणतात. चांगलं लीड मिळालं तर महिना निघाला. कार्डावर 'पटेल' असेल तर संध्याकाळ वाया गेली, हा त्या ऑफिसातला सर्वमान्य सिद्धान्त. पहिल्या अंकात मॉस आणि अ‍ॅरोनाव चायनीज हॉटेलात बसून याच विषयावर कुरकुरतात. दुसऱ्या अंकात ऑफिसचा हिरो रिकी रोमा पटेलांचं कार्ड हातात पडल्यावर शंकर आणि विष्णू दोघांनाही मध्ये ओढतो. तक्रार एकच: हे लोक घरात घेतात, बसवतात, सगळं ऐकून घेतात, आणि सही करत नाहीत.

नाटक १९८३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलं, १९८४ मध्ये ब्रॉडवेवर गेलं आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. १९९२ चा चित्रपट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, निदान त्यातलं अ‍ॅलेक बाल्डविनचं भाषण तरी. (गंमत म्हणजे ते भाषण मूळ नाटकात नाहीच. मॅमेटनं ते चित्रपटासाठी लिहिलं, आणि आज बहुतेकांना नाटक म्हणून तेवढंच आठवतं.) २०२५ मध्ये ब्रॉडवेवर ते पुन्हा झालं. त्या निमित्तानं मी संहिता परत वाचायला घेतली, आणि शेजारी विक्रीकलेवरची चारपाच गाजलेली पुस्तकं ठेवली. या पुस्तकांकडे आपण वाङ्मय म्हणून बघत नाही. विमानतळावर घ्यायची आणि सीटच्या खिशात विसरायची अशी ती असतात. पण अमेरिकेत ती एक जुनी, भरघोस परंपरा आहे. या परंपरेला गिऱ्हाईक कसं दिसतं, आणि त्यातही आपल्यासारखं गिऱ्हाईक कसं दिसतं, हे एकदा नीट वाचायला हवं असं मला वाटलं.

पटेलांबद्दलचे संवाद जातीयवादी आहेत हे उघड आहे. मॅमेटला ते तसेच हवेत. त्याचे सेल्समन पोलिश लोकांबद्दलही तसंच बोलतात. पण ते बाजूला ठेवून तक्रार नुसती तक्रार म्हणून ऐकली तर तिच्यात बारीक निरीक्षण आहे. सेल्समनना वाटतं की ही माणसं एकटी असतील, त्यांना बोलायला कुणीतरी हवं असेल, किंवा समोरच्याला कमी लेखायचा आनंद मिळत असेल. सोफ्यावरच्या पटेलांच्या बाजूनं हाच प्रसंग पाहा. दारी आलेल्या माणसाला आत घ्यायचं, चहा विचारायचा, हे तर ठरलेलंच. मग तो माणूस ज्या गोष्टीबद्दल बोलतो आहे तिची माहिती १९८३ साली दुसऱ्या कुठे मिळणार? सेल्समन हाच कॅटलॉग. म्हणून सगळे प्रश्न त्यालाच विचारायचे. आणि उत्तरं मिळाली की 'घरी विचारून सांगतो', 'भावाशी बोलतो', 'बघू'. आपल्या कानाला यात काहीच खुपत नाही. लक्ष्मी रोडवर गादीवर पन्नास साड्या पसरायला लावून रिकाम्या हातानं उठणारी बाई आणि तिच्याकडे पाहून मुकाट्यानं घड्या घालणारा दुकानातला माणूस, दोघंही एकाच व्यवहारातले असतात. शिकागोच्या सेल्समनला मात्र अशा संध्याकाळीसाठी शब्दच नाही. त्याच्या भाषेत भेटीचे दोनच शेवट असतात, क्लोज झालं किंवा नाही झालं.

हा 'क्लोज' शब्द आपल्याकडे नीट येतच नाही. सौदा पक्का होणं ही आपल्याकडे घडणारी गोष्ट आहे. अमेरिकन विक्रेत्यासाठी क्लोज ही करायची गोष्ट आहे, तिला तंत्र आहे, आणि एकेका तंत्राला नाव आहे. 'ऑल्टर्नेट चॉइस क्लोज': घ्यायचं का, हे विचारायचंच नाही, मंगळवारी आणून देऊ की गुरुवारी, एवढंच विचारायचं. 'असम्प्टिव्ह क्लोज': होकार मिळालाच आहे असं धरून फॉर्म भरायला घ्यायचा, आडनावाचं स्पेलिंग विचारायचं. 'पपी डॉग क्लोज': कुत्र्याचं पिल्लू दोन दिवस घरी घेऊन जा म्हणायचं, नाही आवडलं तर परत आणा. मुलांनी एकदा त्याला नाव ठेवलं की परत कोण आणतो? आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे गप्प बसणं. करार पुढे सरकवायचा, पेन द्यायचं आणि मग तोंड उघडायचं नाही, आधी जो बोलेल तो हरला. ही शिकवण जे. डग्लस एडवर्ड्स या प्रशिक्षकानं देशभर पसरवली. मॅमेटच्या नाटकात म्हातारा लेव्हीन नायबोर्ग नवरा-बायकोला ब्याऐंशी हजार डॉलरचे आठ प्लॉट विकून येतो, तेव्हा तो अभिमानानं सांगतो की स्वयंपाकघरातल्या घड्याळाप्रमाणे बावीस मिनिटं तो पेन पुढे धरून बसला होता.

यातलं सर्वांत मासलेवाईक तंत्र मला 'बेन फ्रँकलिन क्लोज' वाटतं. गिऱ्हाईक अडखळलं की कागदावर मध्ये रेघ मारायची, एकीकडे घेण्याची कारणं, दुसरीकडे न घेण्याची. फ्रँकलिनसारखा शहाणा माणूस असंच करायचा, असं सांगायचं. फ्रँकलिन खरंच असं करायचा. १७७२ मध्ये जोसेफ प्रीस्टलीला लिहिलेल्या पत्रात त्यानं ही पद्धत सांगितली आहे. फक्त त्या पत्रात तो म्हणतो की हा कागद तीन-चार दिवस जवळ ठेवावा, जसजसं सुचेल तसतसं दोन्ही बाजूंना लिहावं, आणि मग तोलून पाहावं. विक्रीच्या पुस्तकांनी रेघ ठेवली, दोन रकाने ठेवले, आणि तीन-चार दिवस काढून टाकले. उजव्या बाजूची कारणं विक्रेता भराभर सुचवतो. डाव्या बाजूची कारणं गिऱ्हाइकानं एकट्यानं, त्याच्यासमोर बसून आठवायची. म्हणजे 'घरी विचारून सांगतो' याला जे औषध होतं तेच काढून त्याचं नाव मात्र ठेवलं.

झिग झिग्लरचं 'सिक्रेट्स ऑफ क्लोजिंग द सेल' हे पुस्तकही १९८४ चंच. दारोदार स्वयंपाकाची भांडी विकण्यापासून सुरुवात केलेला हा माणूस पुढे अमेरिकेचा सर्वांत लाडका वक्ता झाला. त्याच्या पुस्तकात क्लोजची नावं डझनावारी आहेत, पण पुस्तक वाचताना चीड येत नाही, हे कबूल करायला हवं. तो मिठ्ठास आहे, देवभोळा आहे, बायकोबद्दल फार प्रेमानं लिहितो. त्याचा मुख्य युक्तिवाद नैतिक आहे: तुमची वस्तू गिऱ्हाइकाच्या भल्याची आहे अशी तुमची खात्री असेल, तर ती त्याच्या गळ्यात उतरवणं हे तुमचं कर्तव्य आहे, तो सही न करता गेला तर नुकसान त्याचं. ऐकायला हे छान वाटतं. पण यात गिऱ्हाइकाचं भलं कशात आहे हे ठरवणारा माणूस कमिशनवर काम करतो, ही गोष्ट कुठेतरी सुटून जाते. झिग्लरच्या प्रत्येक गोष्टीत शेवटी गिऱ्हाईक आभार मानतं. आभार न मानणारं एकही गिऱ्हाईक इतक्या मोठ्या पुस्तकात का भेटत नाही, हा प्रश्न वाचकाला पडायला हवा.

त्याच वर्षी रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाचं 'इन्फ्लुअन्स' आलं. विक्रेत्यांच्या प्रशिक्षणवर्गांत गुपचूप शिरून त्यानं हीच तंत्रं आतून पाहिली आणि ती माणसावर का चालतात हे लिहिलं. पुस्तक गिऱ्हाइकाला सावध करायला लिहिलेलं. पुढे ते सर्वांत जास्त वाचलं मार्केटिंगवाल्यांनी.

या सगळ्यावर पहिला खरा घाव घातला तो नील रॅकहॅमनं, १९८८ च्या 'स्पिन सेलिंग'मध्ये. त्याच्या गटानं बारा वर्षांत पस्तीस हजार विक्रीभेटी बसून पाहिल्या, काय बोललं गेलं ते मोजलं. निष्कर्ष विक्रीच्या दुनियेला झोंबणारा होता: क्लोजिंगची तंत्रं छोट्या, स्वस्त वस्तूला चालतात, वस्तू महाग झाली की तीच तंत्रं विक्री बुडवतात. फोटोग्राफीच्या दुकानांच्या एका साखळीत त्यानं पाहिलं की क्लोजिंगचं प्रशिक्षण दिल्यावर स्वस्त मालाची विक्री थोडी वाढली आणि महाग मालाची घटली. किरकोळ वस्तूला माणूस 'चल, दे' म्हणतो; कॅमेऱ्याला मात्र त्याला ढकललेलं कळतं. मला या यादीतलं हे सर्वांत प्रामाणिक पुस्तक वाटतं. भाषा कोरडी आहे, किस्से कमी आहेत, पण विक्रेत्याच्या बढाईवर न विसंबता त्याच्या शेजारी बसून मोजणारा हा पहिला माणूस.

रॅकहॅमनं आणखी एक काम केलं. क्लोज झालं की नाही या दोन खणांच्या जागी त्यानं चार खण केले. ऑर्डर मिळणं आणि नकार मिळणं ही दोन टोकं. मध्ये एक 'अ‍ॅडव्हान्स', म्हणजे गिऱ्हाईक काहीतरी ठोस पाऊल उचलायला तयार झालं, पुढची मीटिंग ठरली, साहेबांशी गाठ घालून द्यायचं कबूल झालं. आणि दुसरी 'कंटिन्युएशन', म्हणजे गोड बोलणं झालं, छान वाटलं, पुन्हा भेटू, पण हललं काहीच नाही. पटेलांकडची संध्याकाळ कुठे बसते याचं उत्तर अखेर या चौथ्या खणात मिळतं. रॅकहॅमचा सल्ला असा की सही मागू नका, पुढचं छोटं पाऊल मागा. या सल्ल्याचं पुढे काय झालं ते मी खाली सांगणार आहे.

कारण मधल्या काळात गिऱ्हाईक बदललं. किमती, तक्रारी, तुलना, सगळं घरबसल्या दिसू लागलं. २०११ च्या 'द चॅलेंजर सेल'चं सूत्रच हे आहे की कंपन्यांचे खरेदीदार विक्रेत्याला भेटतात तेव्हा त्यांचा बराचसा निर्णय होऊन गेलेला असतो, म्हणून नुसत्या गोड संबंधांवर माल विकला जात नाही. डॅनिअल पिंकचं 'टु सेल इज ह्यूमन' त्यानंतर लगेचच आलं. पूर्वी विक्रेत्याला सगळं ठाऊक असायचं आणि गिऱ्हाइकाला काहीच नाही, म्हणून गिऱ्हाइकानं सावध राहायचं. आता दोघांना सारखंच ठाऊक आहे, म्हणून विक्रेत्यानं सावध राहायचं, असं पिंक म्हणतो. बाल्डविनच्या भाषणातली ती तीन अक्षरं घेऊन तो त्यांचा नवा, समजूतदार अर्थही लावतो. ही पुस्तकं ओळीनं वाचली की ध्यानात येतं, वर्णन चाललं आहे ते पटेलांचं. जो आधी सगळी चौकशी करतो, चार ठिकाणचे भाव काढतो, बायकोला आणि भावाला विचारतो आणि आज सही करत नाही, तो १९८३ मध्ये शिकागोच्या सेल्समनला विचित्र परदेशी वाटत होता. तीस वर्षांनी अख्खा देश तसा वागायला लागला, आणि विक्रीच्या पुस्तकांनी त्याला 'आधुनिक ग्राहक' असं नाव दिलं.

गाडी घेताना हे रोकडं दिसतं. डीलरकडे एक जुना कागद असतो, त्याला 'फोर-स्क्वेअर' म्हणतात: चार चौकोन, गाडीची किंमत, जुन्या गाडीचे पैसे, हातात भरायची रक्कम आणि महिन्याचा हप्ता. एका चौकोनात गिऱ्हाइकाला आनंद दिला की तो दुसऱ्या चौकोनातून वसूल होतो, आणि मधून मधून 'मॅनेजरला विचारून येतो' म्हणून विक्रेता काचेच्या खोलीत जाऊन कॉफी पिऊन येतो. आपल्या लोकांनी यावर काढलेला उपाय सगळ्यांना माहीत आहे. सहा डीलरना एकच ईमेल, टॅक्स-फीसकट शेवटचा आकडा काय ते लिहून कळवा, आणि आलेलं सर्वांत कमी उत्तर उरलेल्या पाचांना पाठवायचं. यात कुठलाही चौकोन उघडत नाही. म्हणून तर डीलरच्या नफ्याचा मोठा भाग आता शेवटच्या फायनान्सच्या खोलीत हलला आहे, जिथे गाडी ठरल्यावर, दमून-भागून, एक्स्टेंडेड वॉरंटीच्या कागदासमोर आपण बसतो. जाता जाता: तीन दिवसांत गाडी परत करता येते हा आपल्याकडचा पक्का समज आहे. केंद्रीय 'कूलिंग-ऑफ' नियम १९७२ चा आहे, पण तो दारी येऊन किंवा तात्पुरत्या जागी केलेल्या विक्रीसाठी आहे. डीलरच्या दुकानात जाऊन घेतलेल्या गाडीला तो लागत नाही.

पण 'आधुनिक ग्राहक सुज्ञ झाला, विक्रेता नम्र झाला' ही जी सुखान्त गोष्ट पिंक सांगतो, ती मला पटत नाही. मॅमेटच्या नाटकातच तिचं उत्तर आहे, आणि त्यासाठी भाषणवाल्या बाल्डविनला विसरून रिकी रोमाकडे बघावं लागतं. रोमा ऑफिसात सर्वांत जास्त विकतो. त्याचं तंत्र काय? चायनीज हॉटेलात शेजारच्या टेबलावर लिंक नावाचा एक एकटा, दबलेला माणूस बसला आहे. रोमा त्याच्याशी आयुष्याबद्दल बोलतो. भीतीबद्दल, पापाबद्दल, सुरक्षिततेबद्दल. जमिनीचं नाव नाही. सगळ्यात शेवटी, सहज दाखवतो म्हणून तो एक माहितीपत्रक टेबलावर उलगडतो. कुठलंही नावाजलेलं क्लोज यात नाही; लिंकला आपण विकत घेतो आहोत हे कळलेलंच नाही. आजच्या भाषेत रोमा 'कंटेंट' बनवतो आणि 'कम्युनिटी' उभी करतो. मऊ विक्री ही आधुनिक ग्राहकाच्या सुज्ञपणामुळे जन्माला आली, हे म्हणणं या एका प्रसंगानं खोडलं जातं. ती १९८३ मध्येही होती, आणि कडक विक्रीपेक्षा जास्त चालत होती.

नाटकात लिंक दुसऱ्या दिवशी परत येतो. बायकोनं पाठवलेलं असतं. तीन दिवसांत करार रद्द करता येतो हे तिनं फोन करून विचारलेलं असतं, आणि तो घाबरत घाबरत तेवढंच म्हणत राहतो. रोमा त्याला बोलण्यात गुंतवून मुदत उलटून जावी अशी खटपट करतो. हा अमेरिकन रंगभूमीवरचा एक अफलातून विनोदी आणि तितकाच किळसवाणा प्रसंग आहे. आणि नायबोर्ग? ऑफिसचा मॅनेजर लेव्हीनला थंडपणे सांगतो की ते दोघं वेडे आहेत, त्यांचा चेक कधीच वटत नाही, त्यांना सेल्समनशी गप्पा मारायला आवडतं, इतकंच. पहिल्या अंकात पटेलांवर जो आरोप होता, अगदी तोच. मॅमेटनं तो मुद्दाम तिथे पेरून ठेवला असावा. बावीस मिनिटांची शांतता कामी आली, सही झाली, आणि हातात काहीच आलं नाही. तीन गिऱ्हाइकं: एकानं सही केली नाही, एकानं केली ती फुकट गेली, एकाची बायकोनं मोडून काढली. बाल्डविनचं भाषण पाठ असणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडलेला दिसत नाही.

आता रॅकहॅमच्या छोट्या पावलाकडे येतो. पटेल सही करत नाहीत, तर मग सहीच काढून टाकली तर? पडद्यावरच्या विक्रीनं नेमकं हे केलं. तीस दिवस फुकट वापरा; कार्डाचा नंबर फक्त नोंदणीसाठी. हे कुत्र्याचं पिल्लूच आहे, आणि परत नेण्याचं काम आठवण ठेवून आपल्याला करायचं आहे. आधीच खूण केलेला चौकोन हा असम्प्टिव्ह क्लोज. 'हो' आणि 'नंतर कधीतरी' अशी दोनच बटणं हा मंगळवार की गुरुवार. 'याच किमतीत फक्त दोन खोल्या शिल्लक' आणि उलटं चालणारं घड्याळ, हे तर रस्त्यावरच्या विक्रेत्यालाही जमतं. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहिलेलं नकाराचं बटण म्हणजे गिऱ्हाइकाला लाज वाटायला लावणं. समोरासमोर हे वाक्य बोलायची हिंमत झिग्लरच्या कुठल्याही शिष्याला झाली नसती. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मध्ये अशा रचनांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं. मला ते नाव अपुरं वाटतं. ते ऐकून वाटतं की ही संगणकाच्या काळातली नवीन भानगड आहे. खरं तर ही १९८४ च्या पुस्तकांचीच अनुक्रमणिका आहे, फक्त माणूस काढून टाकलेला.

आणि माणूस गेल्यानं फरक पडतो. दिवाणखान्यात बसलेल्या सेल्समनलाही घरी जायचं असायचं. बावीस मिनिटं गप्प बसणं त्यालाही जड जायचं. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा १९६९ चा 'सेल्समन' हा माहितीपट पाहा: चर्चमधून मिळालेल्या नावांवर चार जण दारोदार बायबल विकतात, आणि त्यातला पॉल ब्रेनन प्रत्येक नकारासरशी आपल्या डोळ्यांदेखत खचत जातो. पन्नास डॉलरचं बायबल परवडत नाही म्हणणाऱ्या बाईकडे तो बघतो तेव्हा दोघांची लाज एकाच खोलीत असते. पडद्याला थकवा नाही, लाज नाही. रॅकहॅमला पस्तीस हजार भेटी पाहायला बारा वर्षं लागली. मोठ्या संकेतस्थळाला तेवढ्या भेटी काही तासांत मिळतात, आणि कुठल्या रंगाच्या बटणाला माणूस भुलतो ते मोजून होतं. दोघांना सारखंच ठाऊक आहे, हे पिंकचं म्हणणं इथे कोसळतं. आपल्याला वस्तूबद्दल ठाऊक असतं, विकणाऱ्याला आपल्याबद्दल.

बाहेर पडण्याची वाट तर आणखी बघण्यासारखी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर दावा लावला, त्यात प्राइम सभासदत्व रद्द करण्याच्या प्रक्रियेचं कंपनीतलं टोपणनाव बाहेर आलं: 'इलियड'. चार पानं, सहा क्लिक, पंधरा पर्याय. दहा वर्षांच्या वेढ्याचं महाकाव्य! कुणी होमर वाचलेला माणूस तिथे बसला होता, आणि आपण काय करतो आहोत हे त्याला नीट कळत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर हे प्रकरण मिटलं, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे. मात्र जितक्या सहज सभासद होता येतं तितक्याच सहज सोडता यावं, असा जो सर्वसाधारण नियम कमिशननं २०२४ मध्ये केला होता, तो जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टानं रद्द केला. ब्रिटनमधल्या वाचकांचं बरं आहे. ऑनलाइन किंवा दारात घेतलेल्या बहुतेक गोष्टींना तिथे चौदा दिवसांचा परतीचा हक्क आहे. भारतानं नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा डार्क पॅटर्नची यादीच जाहीर केली, त्यात खोटी घाई आणि लाजवणं ही दोन्ही नावानिशी आहेत.

भारताचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. परदेशातल्या मराठी माणसाला पुण्या-मुंबईचा फ्लॅट विकण्याची जी प्रदर्शनं दुबईत भरतात, आणि आता जी विक्री व्हिडिओ कॉलवर चालते, तिथे पटेल-पद्धत हमखास ढासळते. सहा डीलरना ईमेल करणारा माणूस 'स्पॉट बुकिंग केलंत तर पार्किंग फ्री, फक्त आजच' ऐकून टोकन देऊन मोकळा होतो. माझ्या मते कारण उघड आहे. तिथे विकली जाणारी वस्तू फ्लॅट नसते. परत जायची शक्यता विकली जाते, आणि तिची सहा ठिकाणी चौकशी करता येत नाही. कॉलवरचा माणूस 'काका, आई-बाबांना लिफ्ट जवळ हवी ना?' असं विचारतो, तेव्हा तो रिकी रोमाच्या घराण्यातला असतो. निदान कायदा इथे थोडा मदतीला आहे: रेराच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. टोकन देण्याआधी हे कलम त्या माणसाला वाचून दाखवावं. त्याचा आवाज कसा बदलतो ते ऐकण्यासारखं असतं.

आणि लीड? मॅमेटच्या नाटकात कुणालाही प्लॉटची पर्वा नाही, चोरी होते ती नावांच्या कार्डांची. पहिल्या पिढीतली मंडळी सांगतात की नव्या गावात उतरल्यावर फोनबुक उघडून कुलकर्णी-जोशी-पाटील शोधायचे आणि बेधडक फोन लावायचा, कितीतरी महाराष्ट्र मंडळं तशी उभी राहिली. पुढे तीच यादी घेऊन इन्शुरन्सवाले आले, आणि मग दुकानात 'तुम्ही मराठी का?' म्हणून हसत पुढे येणारी, तिसऱ्या भेटीत साबण आणि 'बिझनेस अपॉर्च्युनिटी' काढणारी आपलीच माणसं आली. शिकागोच्या त्या चौघांना जे कधी कळलं नाही ते यांना ठाऊक होतं. पटेलांना कसं विकायचं? दुसरा पटेल पाठवायचा. चहा तर होणारच असतो.

यातलं एकच पुस्तक वाचायचं असेल तर रॅकहॅम वाचा, विकायचं असो वा नसो. झिग्लर ऐकायचा आहे, वाचायचा नाही. त्याची भाषणं गाडीत छान लागतात. आणि चित्रपट पुन्हा पाहणार असाल तर बाल्डविन झाल्यावर बंद करू नका. नंतर पावसात भिजलेला जॅक लेमनचा लेव्हीन रात्री न बोलावता एका घरी जातो. घरचा माणूस आवाज चढवत नाही, वाद घालत नाही. आम्हाला नको आहे असं शांतपणे म्हणत म्हणत तो त्याला पावलापावलानं दारापर्यंत नेतो आणि दार लावतो. लेव्हीनच्या सगळ्या तंत्रांपैकी एकही तिथे चालत नाही.